विद्यापीठे १९७१ साली एक झाली, हिशेब २०२५ साली

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १३ सार्वजनिक विद्यापीठे आहेत. त्यांत मिळून सुमारे १ लाख ६० हजार विद्यार्थी शिकतात. जुलै २०२५ मध्ये या सगळ्या विद्यापीठांनी नेमणुका, पगार, खरेदी आणि लेखे हा सारा कारभार 'वर्कडे' या एकाच संगणकप्रणालीवर नेला. या बदलाची मुळे शोधायला संगणकापासून सुरुवात करून चालत नाही. ती एका कायद्यात आहेत.

१९७१ पर्यंत राज्यात विद्यापीठांच्या दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. एक राजधानी मॅडिसनच्या विद्यापीठाभोवती उभी राहिलेली; हे विद्यापीठ १८४८ चे, राज्याइतकेच जुने. दुसरी राज्य विद्यापीठांची, ज्यांतली बरीचशी शिक्षक घडवणाऱ्या जुन्या विद्यालयांतून वाढली होती. गव्हर्नर पॅट्रिक ल्युसी यांनी दोन्ही एकत्र करण्याचा आग्रह धरला आणि १९७१ मध्ये तसा कायदा झाला. त्याची घडी पूर्ण बसायला १९७४ उजाडले. नियामक मंडळ एक झाले, अध्यक्ष एक झाला. कार्यालयांच्या सवयी मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

या सवयी म्हणजे काय, हे आस्थापना विभागात काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. प्राध्यापकांचा पगार महिन्याला व्हायचा. राज्याच्या नागरी सेवा नियमांखाली येणारे लिपिक, तंत्रज्ञ आणि सफाई कर्मचारी यांचा दर दोन आठवड्यांनी. काहींची नेमणूक १२ महिन्यांची, काहींची फक्त ९ महिन्यांची. त्यात अध्यापन करणारे पदव्युत्तर विद्यार्थी आले आणि ताशी कामावरचे विद्यार्थीही. प्रत्येक गटाची रजा वेगळी, विम्याची पात्रता वेगळी. १९७० च्या दशकातल्या पगारप्रणालीत हे सगळे अपवाद वर्षानुवर्षे भरत गेले, आणि ते कुठे व का भरले आहेत हे जाणणारी माणसे एकेक करून निवृत्त होऊ लागली.

ही प्रणाली बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न या शतकाच्या सुरुवातीला झाला. लॉसन या कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले गेले, काही वर्षे काम चालले आणि २००६ मध्ये अडीच कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्यावर प्रकल्प सोडून द्यावा लागला. दुसऱ्या प्रयत्नात पीपलसॉफ्ट या सॉफ्टवेअरवर आधारलेली मनुष्यबळ प्रणाली एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली. वेळ अत्यंत कठीण होती. त्याच वर्षी राज्यातला 'ॲक्ट १०' हा वादग्रस्त कायदा लागू झाला, सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या पगारातून निवृत्तिवेतनाची आणि आरोग्यविम्याची कपात वाढली, आणि नुकत्याच सुरू झालेल्या प्रणालीला हजारो लोकांच्या कपातीची नवी गणिते सांभाळावी लागली.

मग आले २०१३, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हेच निर्णायक वर्ष. आधी उघड झाले, की विद्यापीठांनी सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर जास्तीचे भरले आहेत. काही भाग नोकरी सोडून गेलेल्यांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यांचा होता, उरलेला निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा. माणूस गेल्याची नोंद विद्यापीठाकडे होती, पण ती राज्याच्या विमा व निवृत्तिवेतन खात्याच्या नोंदींशी वेळेत ताडून पाहिली जात नव्हती.

त्यानंतर एप्रिलमध्ये विधिमंडळाच्या वित्तीय कार्यालयाने दुसरा आकडा मांडला: जून २०१२ अखेर विद्यापीठांच्या निरनिराळ्या खात्यांत मिळून सुमारे ६४ कोटी ८० लाख डॉलर शिल्लक होते. आमदार संतापले, आणि तो संताप मला रास्त वाटतो. आधीची काही वर्षे शिक्षणशुल्क दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी वाढत होते, आणि कर्ज काढून ते भरणाऱ्या कुटुंबांना आता शिल्लक दिसत होती. विद्यापीठांचे म्हणणे होते, की यातला बराच पैसा ठरावीक कामांसाठी बांधलेला आहे. ते खोटे नव्हते. पण कोणता डॉलर कशासाठी राखला आहे हे सर्व विद्यापीठांसाठी एकाच रीतीने दाखवता येईल, अशी लेखाशीर्षांची रचनाच नव्हती, त्यामुळे त्या म्हणण्याला वजन आले नाही. राज्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे शुल्क गोठवले गेले. ते पुन्हा वाढले २०२३ मध्ये. मधल्या दहा वर्षांत विद्यापीठांना खर्चाला कात्री लावत दिवस काढावे लागले. नीट मांडता न आलेल्या हिशेबाची एवढी जबर किंमत दिलेली सार्वजनिक विद्यापीठे थोडीच असतील.

यापुढचा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण खरी मेहनत तिथे झाली. २०१५ मध्ये विद्यापीठांचे कर्मचारी राज्याच्या नागरी सेवेतून बाहेर आले आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या सेवा-व्यवस्था सुरू झाल्या. मॅडिसनची एक, बाकीच्यांची दुसरी. नोव्हेंबर २०२१ मध्ये पदनामांची फेररचना अमलात आली. तीच पदनामे काही दशके चालत आली होती, आणि सारखेच काम करणारी माणसे दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदलेली असत. त्याच वर्षी जुलैपासून प्राध्यापकांसह सर्वांचा पगार दर दोन आठवड्यांनी होऊ लागला. वाचायला ही किरकोळ बाब आहे. पण घरभाडे आणि कर्जाचे हप्ते महिन्याच्या तारखेला बांधलेल्या हजारो घरांना आपला खर्च नव्याने बेतावा लागला. मॅडिसनमध्ये अध्यापन सहायक म्हणून काम करत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही ते चुकले नाही. त्यांत मराठी मुले-मुलीही असतात.

ही सारी तयारी झाल्यावरच नव्या प्रणालीला अर्थ होता. तिचा आरंभ आधी जुलै २०२४ ला ठरला होता, तो वर्षभराने पुढे गेला. जुलैच धरण्याचे कारण साधे आहे: तिथले आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, आणि वर्षाच्या मध्येच लेखे एका प्रणालीतून दुसरीत हलवणे म्हणजे दोन्हीकडच्या शिलका जुळवत बसणे. मुहूर्त चुकला की वर्ष जाते. विलंबावर टीका झाली, तरी २००६ आणि २०११ चा अनुभव पाहता घाईपेक्षा तो बरा होता.

जुनी मनुष्यबळ प्रणाली आणि जुनी सामाईक लेखाप्रणाली अशा दोन्ही प्रणालींची जागा आता वर्कडेने घेतली आहे. कर्मचाऱ्याची नेमणूक, त्याचा पगार आणि तो पगार ज्या निधीतून जातो तो निधी या गोष्टी एकाच ठिकाणी दिसतात. ३० जून २०२६ ला संपणारे आर्थिक वर्ष हे नव्या रचनेतले पहिले पूर्ण वर्ष, आणि कोणत्या खात्यातली शिल्लक कशासाठी राखली आहे या २०१३ च्या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षाच्या ताळेबंदात शोधता येईल.