चुन्यातली माती

जुन्या वाड्याच्या भिंतीतून निसटलेला चुन्याचा खडा कधी हातात घेऊन बघा. तो पांढराशुभ्र क्वचितच असतो. करडा, कुठे तांबूस, मधे विटेचे बारीक कण. पानाला लावायचा चुना आणि हा चुना भावंडंच, पण स्वभावाने फार वेगळी. हा फरक पडतो तो मुख्यतः मातीमुळे.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्याचं ढेकूळ पाण्यात टाकलं की आधी चरचर ऐकू येते, मग तडे जातात, वाफ उठते, पाणी उकळू लागतं आणि ढेकूळ फुगून फुटतं. झाला विझवलेला चुना. (हे घरी करून बघू नका, डोळे जाऊ शकतात.) शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं? भिंतीतही तेच घडतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो.

हा झाला शुद्ध चुना. त्यात मातीचा अंश ५ टक्क्यांहूनही कमी. विझताना तो दुपटीहून जास्त फुगतो, लोण्यासारखा मऊ होतो, सफेदीला आणि गिलाव्याच्या शेवटच्या हाताला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण घट्ट व्हायला त्याला हवा लागते. जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं कच्चा राहतो आणि पाण्याखाली तर धरतच नाही.

इंग्लंडच्या किनाऱ्यापुढच्या एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधायला निघालेल्या जॉन स्मीटनपुढे १७५६ साली हाच प्रश्न होता. त्याने ठिकठिकाणच्या चुनखड्या आम्लात विरघळवून पाहिल्या. पाण्यात घट्ट होणारा चुना ज्या दगडांपासून मिळे, त्यांचा तळाशी चिकणमातीचा गाळ उरे. अशुद्ध म्हणून नाकारला जाईल असा दगडच कामाचा निघाला! भट्टीत त्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि तयार होणारी संयुगं थेट पाण्याशी क्रिया करून घट्ट होतात. हा जलीय चुना. मातीचं प्रमाण २०-३० टक्क्यांपर्यंत गेलं की तो विझायला आळशी, फुगायला कंजूष, पण ताकदीला पक्का.

आपल्या देशावर, म्हणजे घाटावरच्या पठारावर, तर सगळा काळा बेसाल्ट. मग चुना आला कुठून? काळ्या मातीत, ओढ्याच्या काठाला पांढरट-पिवळट खडे सापडतात, तो कंकर. बेसाल्ट झिजताना सुटलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वाहून मातीतच साचतं, म्हणून त्यात चिकणमाती मुळातच मिसळलेली. त्याचा चुना आपसूक जलीय गुणाचा होतो. एका खड्यावर लिंबू पिळा, फसफसेल. व्हिनेगरमध्ये बुडवून दोन दिवस ठेवा, खाली गाळ दिसेल. स्मीटनची परीक्षा ती हीच.

किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना मात्र बराच शुद्ध. अशा चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घातली की जलीय चुन्याचे गुण येतात. मग चुन्याच्या घाण्यात मळणं आलंच. लोहगडावर अशा घाण्याची गोल दगडी चर आणि तिच्यात फिरवायचं दगडी चाक आजही बघायला मिळतं. मळल्याने चुना, वाळू आणि सुरखी एकजीव होतात.

भारतीय मानक ७१२ मध्ये चुन्याचे ‘ए’ ते ‘एफ’ असे वर्ग आहेत. ‘ए’ पक्का जलीय, ‘बी’ मध्यम, ‘सी’ शुद्ध, ‘डी’ मॅग्नेशियमयुक्त, ‘ई’ कंकराचा, आणि ‘एफ’ सिलिकायुक्त डोलोमाइटी (डोलोमाइट म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड).

आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कुणीतरी सिमेंटने भरल्या. भिंतीतली ओल आधी चुन्यातून बाहेर पडायची, ती कोंडली. दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या बाजूचा गिलावा मिठासारखी पांढरी पूड सोडत गळू लागला. ती पूड म्हणजे ओलीबरोबर आलेले आणि सुकताना स्फटिक झालेले क्षारच. शेवटी सिमेंट छिन्नीने काढावं लागलं, आणि त्याबरोबर दगडांच्या कडाही उडाल्या. मग सुरखी घातलेला चुना भरला. पहिले काही दिवस रोज गोणपाट ओलं करून त्यावर टाकत होतो.