ओरलँडो पँथर्स

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ओरलँडो शहराचा, आता अस्तित्वात नसलेला अमेरिकन फुटबॉल संघ. 1966 ते 1969 या काळात तो कॉन्टिनेंटल फुटबॉल लीगमध्ये आणि नंतर अटलांटिक कोस्ट फुटबॉल लीगमध्ये खेळला.

संघाचा जन्म मात्र ओरलँडोचा नव्हे. 1963 मध्ये न्यू जर्सीत ‘न्यूअर्क बेअर्स’ या नावाने तो उभा राहिला. फिलाडेल्फिया ईगल्सचे एकेकाळचे नामवंत खेळाडू स्टीव्ह व्हॅन ब्युरेन त्याचे प्रशिक्षक होते आणि पहिल्याच वर्षी त्याने अटलांटिक कोस्ट लीग जिंकली. पण पलीकडे न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि जेट्स हे बडे संघ असताना न्यूअर्कच्या संघाकडे कोण फिरकणार? 1966 मध्ये बिऱ्हाड दक्षिणेला हलले. डिस्ने वर्ल्ड यायला तेव्हा 5 वर्षे अवकाश होता आणि ओरलँडोची लोकसंख्या लाखाच्या आतच होती. सामने टँजरिन बाउल या स्टेडियममध्ये होत.

चार्ल्स्टन रॉकेट्सला 1965 मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद मिळवून देणारे पेरी मॉस प्रशिक्षक म्हणून आले. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाताळणारा खेळाडू, होता डॉन जोनस. पास फेकणे आणि चेंडूला किक मारून गुण मिळवणे ही दोन्ही कामे तोच करी. 1966 च्या अंतिम सामन्यात पँथर्स जादा वेळेत फिलाडेल्फिया बुलडॉग्सकडून 20-17 असे हरले. पुढची दोन्ही वर्षे मात्र कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटी रॅम्बलर्सला हरवून त्यांनी करंडक नेला: 1967 मध्ये 38-14, 1968 मध्ये 30-23.

एवढे जिंकूनही पदरात फारसे काही पडले नाही. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे विजेत्याला वरच्या श्रेणीत बढती देण्याची पद्धत अमेरिकेत नाही. एनएफएल या तिथल्या सर्वोच्च लीगचे दार जिंकून उघडत नाही. कॉन्टिनेंटल लीगला बड्या संघांचे पोटसंघ पुरवायचे नव्हते, एनएफएल आणि तेव्हाची तिची प्रतिस्पर्धी एएफएल यांच्या जोडीने स्वतःच तिसरी मोठी लीग व्हायचे होते. ही उमेद दूरचित्रवाणीच्या पैशाशिवाय टिकणारी नव्हती. 1969 च्या हंगामानंतर लीग बंद पडली आणि पँथर्स पुन्हा जुन्या अटलांटिक कोस्ट लीगमध्ये गेले.

गंमत अशी, की या संघाचे नाव आज निघते ते करंडकांमुळे नव्हे, तर 15 ऑगस्ट 1970 च्या एका सामन्यामुळे. फ्लोरिडातल्या टँपाची पॅट पॅलिंकस त्या दिवशी न्यूयॉर्क जेट्सच्या पोटसंघाविरुद्ध, म्हणजे ब्रिजपोर्ट जेट्सविरुद्ध, मैदानात उतरली. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणारी ती पहिली स्त्री मानली जाते. किक मारणारा होता तिचा नवरा स्टीव्ह. मागे आलेला चेंडू झेलायचा, टोकावर उभा करून बोटाने धरायचा आणि किक बसेपर्यंत हलायचे नाही, हे तिचे काम. सगळे सेकंद-दीड सेकंदात, समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांकडे न बघता. पहिल्याच खेपेला चेंडू निसटला. तो उचलून ती पळू लागली, तेवढ्यात वॉली फ्लोरेन्स या बचावपटूने तिला आडवी केली. त्याचे वजन तिच्या जवळजवळ दुप्पट होते. तिची मान मोडायचाच आपला प्रयत्न होता, असे त्याने नंतर वार्ताहरांना सांगितले. पॅट उठली, त्याच सामन्यात पुन्हा मैदानात आली आणि पुढचे चेंडू तिने बिनचूक धरले. प्रेक्षक खेचण्याची ही क्लृप्ती असल्याची टीका झाली. संघाची अवस्था पाहता त्या टीकेत तथ्य असेलही, पण टॅकल काही नाटकी नव्हता.

त्यानंतर संघ फार काळ टिकला नाही. 1970 च्या दशकाच्या आरंभीच तो विसर्जित झाला. जोनस त्याआधीच कॅनडाला गेला होता. विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडून खेळताना 1971 मध्ये तो तिथल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. 1979 मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने फुटबॉल संघ सुरू केला, तेव्हा पहिला प्रशिक्षक तोच होता आणि घरचे मैदान टँजरिन बाउलच. मॉसही 1991 मध्ये ओरलँडोच्या बंदिस्त मैदानावरील फुटबॉल संघाचे, प्रेडेटर्सचे, प्रशिक्षक म्हणून शहरात परतले.