‘निळा’मधील काळोख कुठून आला?

पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्की यांच्या ‘तीन रंग : निळा’ (१९९३) या चित्रपटात चार वेळा असे घडते की, नायिका ज्यूलीच्या मनात संगीत उसळते, पडदा पूर्ण काळा होतो आणि उजेड परत येतो तेव्हा आपण त्याच क्षणात असतो. पती आणि लहान मुलगी अपघातात गमावल्यानंतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या ज्यूलीला कोणी नमस्कार करते आणि त्या नमस्काराला तिचे उत्तर येते ते काळोख ओसरल्यावर. प्रेक्षकाचा वेळ पुढे जातो, तिचा जात नाही. या काळोखाकडे केवळ शैली म्हणून पाहिले जाते. मला त्याचे मूळ बरेच मागे, दिग्दर्शकाच्या माहितीपटांच्या काळात दिसते.

किश्लोव्स्की मुळात माहितीपटकार होते. माणसांच्या खऱ्या अश्रूंची आपल्याला भीती वाटते, ते चित्रित करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही हेच आपल्याला कळत नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आणि कथापटांकडे वळण्याचे हे एक कारण मानले. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर त्यांनी राजकीय खटल्यांचे चित्रण हाती घेतले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट लक्षात आली: न्यायालयात कॅमेरा असला की न्यायाधीश तुरुंगवासाची शिक्षा सुनावायला कचरत, त्यामुळे आपल्या अशिलाच्या सुनावणीला कॅमेरा यावा असे वकिलांनाच वाटू लागले. तो माहितीपट झाला नाही, पण त्या धडपडीत क्शिश्तोफ पिएसेविच हे वकील भेटले आणि पुढच्या सगळ्या कथापटांचे ते सहलेखक झाले.

दोघांच्या पहिल्याच चित्रपटात, ‘बेझ कोंत्सा’मध्ये (‘अंत नसलेले’, १९८५), एका वकिलाची विधवा आहे. तिला शोकातून वाट सापडत नाही आणि शेवटी ती जीव देते. संगीतकार प्रायस्नर यांची किश्लोव्स्कींशी साथही याच चित्रपटापासूनची. ‘निळा’ हा त्या विधवेकडे पुन्हा जाणे आहे, असे मी मानतो. मात्र येथे ज्यूली आत्महत्येचा प्रयत्न अर्ध्यावर सोडते आणि आठवणींपासूनच सुटका मागते. ‘तीन रंग’ ही फ्रेंच ध्वजाच्या निळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांवर बेतलेली चित्रपटत्रयी; तिच्या चौकटीत निळ्याच्या वाट्याला स्वातंत्र्य आले होते, आणि लेखकद्वयाने ते राजकारणातून उचलून एका बाईच्या घरात आणून ठेवले.

खऱ्या अश्रूंच्या त्या जुन्या भीतीमुळेच, मला वाटते, या चित्रपटात शोक त्या काळोखासारखाच सतत आडून दिसतो. अंत्यविधी ज्यूली रुग्णालयातील खाटेवरून एका चिमुकल्या टीव्हीवर पाहते. छायाचित्रकार इझ्याक यांचा कॅमेरा तिच्या बुबुळातील डॉक्टरचे प्रतिबिंब टिपण्याइतका जवळ जातो, पण त्या डोळ्यातले दुःख उलगडून सांगत नाही. कॅफेत ती साखरेचा खडा कॉफीला टेकवते आणि तो काळा होताना पाहत राहते; समोर तिच्यावर प्रेम करणारा माणूस आहे, पण तिचे जग त्या खड्याएवढेच उरले आहे. हा खडा सुमारे पाच सेकंदांतच भिजायला हवा, त्याहून अधिक वेळ प्रेक्षक थांबणार नाही, म्हणून किश्लोव्स्कींच्या सहायकाने त्यासाठी निरनिराळे खडे भिजवून पाहिले होते.