टप्पा अनुदान आणि खचत गेलेले शिक्षक : पार्श्वभूमी

शिक्षक खचतो तो अशैक्षणिक कामांमुळे, असे म्हणण्याची पद्धत आहे. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती हे सगळे खरेच. पण ते पूर्ण पगारावरच्या शिक्षकालाही चुकलेले नाही. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित शाळांत दुखणे वेगळे आहे.

पूर्वी नवी शाळा काही वर्षांनी अनुदानावर येणार, म्हणजे शिक्षकांचा पगार शासन देणार, हे गृहीत असे. २००१ मध्ये नव्या खासगी शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मान्यता देण्याचे धोरण आले. त्याच सुमारास शिक्षणसेवक योजनाही सुरू झाली. तिथे नव्या शिक्षकाला मानधन तुटपुंजे, पण पूर्ण पगारापर्यंत तीन वर्षांची मुदत तरी होती. इथे मुदतच नव्हती.

खरा घोळ २००९ चा. 'कायम' हा शब्द वगळला आणि गावोगावी पेढे वाटावेत असा आनंद झाला. शिक्षकांनी त्याचा अर्थ पगार सुरू असा घेतला, शासनाच्या लेखी शाळा फक्त मूल्यांकनाला पात्र ठरल्या होत्या. मूल्यांकनाचे निकष २०११ मध्ये आले, पगाराच्या अनुदानाचा पहिला २० टक्क्यांचा टप्पा २०१६ मध्ये. मधल्या वर्षांची थकबाकी नाही. अनुदान मागणार नाही या अटीवरच मान्यता घेतली होती, हा तिजोरीचा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण अट मान्य केली संस्थाचालकाने आणि निस्तरली शिक्षकाने, याचे उत्तर त्यात नाही.

टप्पा अनुदानाने आणखी एक गोष्ट केली. एकाच शिक्षक खोलीत, सारख्याच तासिका घेणारे दोघे बसतात. एकाची तुकडी अनुदानित, दुसऱ्याची २० टक्क्यांवर. दुसऱ्याला बँक कर्ज देताना हात आखडते, सोयरिकीत 'शाळा किती टक्क्यांवर?' हा प्रश्न आधी येतो. सकाळी शिकवणी, सुट्टीत दुसऱ्याच्या रानात मजुरी, आणि मे महिन्यात पट टिकवायला वाडीवस्तीवर फेऱ्या. मग वर्गात उत्साह कमी दिसला की प्रशिक्षण लावले जाते!

२०२४ मध्ये पुढच्या टप्प्याची घोषणा झाली, निधी मात्र लगेच आला नाही. २०२५ च्या जुलैत भर पावसात मुंबईचे आझाद मैदान आंदोलक शिक्षकांनी पुन्हा भरले. सुरुवातीला लागलेल्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांनाच. त्याआधी नेमणूक होऊनही, त्या तारखेला शाळा शंभर टक्क्यांवर नव्हती म्हणून तिच्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.