लेडी बी गुड : रेडिओने दिशा सांगितली, पण अर्धीच

बॉम्बर विमान हरवलं म्हटलं की आपण आधी शत्रूच्या तोफांचा विचार करतो, पण अमेरिकेच्या 'लेडी बी गुड' या बी-२४ लिबरेटरला गोळी लागलीच नव्हती. ४ एप्रिल १९४३ ला हे विमान लिबियातल्या सोलुकवरून इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकायला निघालं, आत नऊ जण, आणि या टीमची ही पहिलीच मोहीम. परतताना रात्र झालेली, खाली ढग, सोबत दुसरं विमान नाही. पायलट हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिना स्टेशनला रेडिओवरून विचारलं, आम्ही कुठल्या दिशेला आहोत? उत्तर आलं, ३३० अंश. म्हणजे स्टेशनच्या वायव्येला, अजून समुद्रावरच!

घोळ आहे तो इथेच. तेव्हा दिशा शोधायला गोल कड्यासारखा अँटेना फिरवायचे. कड्याचं तोंड सिग्नलकडे आलं की लहर दोन्ही बाजूंना एकदमच पोचते, दोन्हीकडचा व्होल्टेज एकमेकांना मारतो आणि आवाज बंद. पण सिग्नल समोरून असो वा पाठीमागून, आवाज तसाच बंद होणार ना, म्हणजे ३३० आणि १५० अंश या अँटेनाला सारखेच, आणि तो फरक ओळखायला वेगळा अँटेना जोडावा लागतो. बहुधा विमान किनारा ओलांडून आग्नेयेला गेलेलंच होतं, आणि मग ते वाळवंटावर आणखी दोनेक तास उडत राहिलं.

इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी उड्या मारल्या. त्यातल्या वोराव्काचं पॅराशूट नीट उघडलं नाही, उरलेले आठ जण भेटले आणि पाण्याच्या एका बाटलीवर वायव्येला चालत सुटले, दिवसभर सावलीचा पत्ता नाही आणि रात्री कडाक्याची थंडी. को-पायलट टोनरच्या डायरीत शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. शंभरावर किलोमीटर चालून पाच जण थांबले, तिघे पुढे गेले, त्यातला रिपस्लिंगर तर आणखी ४० किलोमीटरच्या वर गेला. एवढ्याशा पाण्यावर माणूस इतकं चालू शकतो हे वाचून मी तरी थक्क झालो.

तेल शोधणाऱ्यांना १९५८ साली वरून विमान दिसलं. पायलट नसताना ते एका इंजिनावर तरंगत २५ किलोमीटर पुढे जाऊन पोटावर उतरलेलं, रेडिओ चालू अवस्थेत, आत पाणीसुद्धा होतं. पण ते दक्षिणेला, म्हणजे यांच्या पाठीमागे.