सीमधली मेमरी गळती: ‘शेवटी फ्री करायचे का?’ या वादाची पार्श्वभूमी

खान्देशातल्या महाविद्यालयांत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुले लिनक्सवर व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारे साधन चालवू लागली, की एक वाद हमखास निघतो. त्याच्या अहवालात ‘स्टिल रीचेबल’ (परत केली नाही, पण अजून पोहोचता येते अशी मेमरी) यापुढे काही बाइट उरलेले दिसतात. प्रोग्राम तर संपलेला असतो. मग ती मेमरी फ्री केली नाही म्हणून गुण कापायचे की नाही? तोंडी परीक्षेत यावर दोन परीक्षकांचीही दोन मते असतात.

मूळ व्यवस्था जुनीच आहे. मॅलॉक या फंक्शनने मेमरी मागायची, फ्री या फंक्शनने परत करायची, आणि मधला हिशेब प्रोग्रामरने ठेवायचा. मागितलेली मेमरी अडकून राहिली, की ती गळती. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणीकरणानेही ती तशीच ठेवली.

आपल्याकडची सवय मात्र टर्बो सीने घडवली. १९८७ साली आलेला हा कंपायलर जळगाव-धुळ्यापासून शिरपूर-फैजपूरपर्यंतच्या प्रयोगशाळांत त्याच्या निळ्या पडद्यासह ठाण मांडून बसला. पुढे ६४ बिटच्या विंडोजवर तो चालेना, तेव्हा लोकांनी तो जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समधून चालवला, पण सोडला नाही. त्याच्या स्मॉल मॉडेल या मांडणीत डेटा, स्टॅक (फंक्शनची तात्पुरती जागा) आणि हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतो ती जागा) मिळून ६४ किलोबाइटच जागा. इतक्या तंगीत गळती ताबडतोब उघडी पडायला हवी होती. पण प्रात्यक्षिकातली लिंक्ड लिस्ट (पुढच्याचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोडची साखळी) दहा-वीस नोडची. नोड काढताना हेड हा पहिल्या नोडचा पत्ता पुढे सरकवायचा, जुना नोड तसाच सोडायचा, आणि तरी पडद्यावर उत्तर बरोबर! प्रोग्राम संपला की डॉस सगळी जागा परत घेई आणि जर्नलवर सही होई. शिल्लक मेमरी सांगणारे कोअरलेफ्ट हे फंक्शन त्याच कंपायलरमध्ये होते. लूपच्या आधी आणि नंतर त्याचा आकडा छापला, तरी बऱ्याच चुका पकडता आल्या असत्या. ते शिकवले गेले नाही, याची मला आजही खंत वाटते.

तिकडे परदेशात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्युरिफाय हे गळती शोधणारे साधन आले होते, पण ते विकतचे आणि वर्कस्टेशनवाल्यांचे. आपल्यापर्यंत पोहोचला तो २००२ साली १.० आवृत्ती निघालेला व्हॅलग्राइंड: फुकट, आणि प्रोग्राम नव्याने कंपाइल न करताही चालणारा. फक्त ‘-जी’ हा पर्याय लावून कंपाइल केले, तर मेमरीचा गळालेला ब्लॉक कोणत्या ओळीवर मागितला तेही दिसते. त्याच्याखाली प्रोग्राम वीस-तीस पट संथ होतो. २०१२च्या सुमारास कंपायलरमध्येच आलेल्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने हा भार साधारण दुपटीवर आणला, आणि त्याच्या जोडीचा लीक सॅनिटायझर लिनक्सवर आपोआप चालू होऊ लागला.

ही साधने हातात आली आणि मूळ वाद पेटला. व्हॅलग्राइंड ज्याला ‘डेफिनिटली लॉस्ट’ म्हणतो, त्या ब्लॉकचा पत्ता सांगणारा एकही पॉइंटर उरलेला नसतो. ती चूकच, त्यावर कोणाचे दुमत नाही. ‘स्टिल रीचेबल’मध्ये पॉइंटर शाबूत असतो, फक्त फ्री झालेले नसते. ‘नको’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या मेमरीची सगळी पाने एका झटक्यात परत घेते. त्याआधी लाखो नोड एकेक करून फ्री करण्यात वेळ जातो, शिवाय त्या आवराआवरीत एखादा ब्लॉक दोनदा फ्री होण्याची नवी भीती. लीक सॅनिटायझर असे ब्लॉक दाखवतच नाही. व्हॅलग्राइंडही वेगळा पर्याय दिल्याशिवाय त्यांचा तपशील देत नाही.

तरीही शिकणाऱ्याच्या बाबतीत मी ‘हवेच’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. आज मेन या मुख्य फंक्शनमध्ये असलेला कोड उद्या फंक्शन होतो, परवा लूपमध्ये जातो. तेव्हा ‘शेवट’ येतच नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर घ्या. त्यातला प्रोग्राम संपण्यासाठी लिहिलेलाच नसतो. दर मिनिटाला १६ बाइट गळले तर दिवसाला २३,०४० बाइट होतात. ६४ किलोबाइटची सगळी मेमरी हीपला दिली, तरी तिसरा दिवस पुरा होण्याआधी ती संपेल. म्हणूनच मोटारींच्या प्रोग्रामसाठी १९९८ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या सीच्या नियमावलीने हीपमधून मेमरी मागण्यालाच मनाई केली. गळती शोधण्यापेक्षा तिची वाटच बंद करण्याचा तो निर्णय होता, आणि लहान यंत्रांसाठी तो मला योग्य वाटतो.

दुसरे कारण रोजच्या कामाचे. ‘स्टिल रीचेबल’च्या नोंदी साचल्या की अहवाल वाचायची सवय सुटते. त्यांच्यात अशीही गळती असू शकते, जिथे यादी वाढतच राहते आणि पॉइंटर मात्र जिवंत असतो. ती ‘लॉस्ट’मध्ये कधीच येत नाही. ती पकडायला व्हॅलग्राइंडच्याच कुटुंबातले मॅसिफ हे साधन लागते, जे हीप वेळेनुसार कसा फुगत गेला ते दाखवते.

एक मर्यादा सगळ्या अहवालांना आहे. ब्लॉक कुठे मागितला ते कळते. तो कुठे फ्री व्हायला हवा होता ते कळत नाही. रिअ‍ॅलॉक या ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या फंक्शनचे उत्तर त्याच पॉइंटरमध्ये साठवले आणि ते नल (रिकामा पत्ता) आले, तर जुना पत्ता पुसला जातो, पण अहवाल बोट ठेवतो ते जुन्या मॅलॉकच्या ओळीवर. २०२० साली जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीत आलेला ‘-एफअ‍ॅनालायझर’ प्रोग्राम न चालवताच अशा वाटा तपासतो. मात्र ब्लॉक एका फंक्शनने मागितला आणि दुसऱ्याने सोडायचा असेल, तर फ्री करण्याची जबाबदारी कोणाची हे फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहिणे आजही प्रोग्रामरच्याच हातात आहे.