जोखमीचा जादा पगार आणि अपघाताची भरपाई

"रिस्कचे पैसे पगारातच धरलेत," असं ठेकेदार सांगतो आणि पॉवर प्रेसवरच्या (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावरच्या) पोरांना वाटतं, उद्या बोट गेलं तर मागायला तोंड उरलं नाही. हे साफ चूक आहे.

जोखमीचा जादा पगार अपघाताआधी मिळतो आणि तो बाजारात ठरतो. काम जितकं नकोसं तितकी मजुरी जास्त, हे ॲडम स्मिथने 1776 मध्येच मांडलं होतं. पण त्यासाठी कामगाराला धोका माहीत हवा आणि दुसरं काम हाताशी हवं. गावाहून नुकत्याच आलेल्या कंत्राटी पोराकडे यातलं काय असतं?

याच जादा पगारावरून अर्थतज्ज्ञ ‘सांख्यिकी जीवनमूल्य’ काढतात. समजा, वर्षाला दहा हजारांत एक मृत्यू होईल अशा कामाला प्रत्येकी 500 रुपये जास्त मिळतात. दहा हजार जणांचे झाले 50 लाख. हा कुणा एकाच्या मरणाचा भाव नव्हे. एवढ्याशा धोक्यासाठी सगळ्यांनी मिळून घेतलेली ती रक्कम आहे. तिची भरपाईशी गल्लत करू नये.

भरपाई हा हक्क आहे. 1923 च्या कायद्याचं (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) सूत्र ठरलेलं आहे. मृत्यू झाल्यास मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. 30 वर्षं वयाच्या कामगाराचा गुणांक 207.98. पगार 15,000 धरला तर 15,59,850 रुपये. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरतात. कायमच्या अपंगत्वात निम्म्याऐवजी 60 टक्के पगार धरतात, म्हणून त्याच कामगाराला साधारण 2 लाख 62 हजार मिळतात. आणि हा हक्क सोडल्याचा करार, सही असली तरी, रद्दबातल ठरतो. ठेकेदाराच्या ‘पगारातच धरलेत’ला कायद्यात काडीची किंमत नाही.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर एकरकमी भरपाईऐवजी महामंडळ दरमहा पैसे देतं. अपंगत्व कायमचं असेल तर जन्मभर. मालकाची वर्गणी मात्र पगाराच्या 3.25 टक्के, प्रेसला गार्ड असो वा नसो. मला हेच सर्वात जास्त खुपतं. अमेरिकेत मोठ्या कारखान्यांचा विमा हप्ता त्यांच्या अपघातांच्या नोंदीप्रमाणे वर-खाली होतो. अशा ठिकाणी प्रेसला सेन्सर लावणं, दोन्ही हातांनी दाबायची बटणं बसवणं मालकाच्या खिशालाही परवडतं. आपल्याकडे बोटं गेली काय, राहिली काय, वर्गणी तेवढीच.